स्मारक आणि सत्य

गतगोष्टींचें स्मरण मनोभावें केलें म्हणजे पुरे, कीं तें स्मरण खरेंही असावें लागतें? अमेरिकेंतील एका रणभूमीचा वृत्तांत या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतो.

ओहायो संस्थानांत टोलेडो शहराजवळ, मॉमी नदीच्या परिसरांत, फॉलन टिंबर्स, म्हणजे पडलेले वृक्ष, या नांवाची रणभूमि आहे. त्या देशाच्या मूळच्या रहिवाशांस गोरे लोक इंडियन म्हणत. त्यांपैकीं मायामी, शॉनी, डेलावेअर इत्यादि जातींनीं १७९१ सालीं अमेरिकन सैन्याचे ६०० हून अधिक लोक मारिले होते. पुढें ता. २० ऑगस्ट १७९४ रोजीं वादळानें उन्मळलेल्या झाडांच्या आडोशास ते पुन्हां उभे राहिले. परंतु सेनापति अँथनी वेन यानें त्यांचा मोड केला. पराभूत योद्धे जवळच्या इंग्रजी किल्ल्याकडे धांवले. इंग्रजांनीं त्यांस आजवर धीर दिला होता. त्या घटकेस मात्र दरवाजा उघडला नाहीं. मग वेनच्या सैन्यानें नदीकांठचीं त्यांचीं मक्याचीं शेतें जाळलीं, आणि १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहानें आजच्या ओहायोचा मोठा भाग त्यांच्या हातून गेला.

१९२९ सालीं तेथें उंचवट्यावर स्मारक झालें. मध्यें वेन, एका बाजूस गोरा वसाहतकरी, दुसऱ्या बाजूस इंडियन वाटाड्या. खालच्या सखल भागांत लढाई झाली असें लोक समजत. परंतु १९९५ सालीं संशोधकांनीं धातु शोधणारीं यंत्रें घेऊन आसपासचीं शेतें व झाडी धुंडाळली, तेव्हां बंदुकीच्या गोळ्या व बटणें सुमारें पाव मैल दूर सांपडलीं. खरी रणभूमि नांगराखालीं होती! १९९९ सालीं कायद्यानें तिला राष्ट्रीय स्थळाचा मान मिळाला.

कोणी म्हणेल, भाव खरा असल्यावर पाव मैलाचें काय? स्मारकापुढें उभे राहणाऱ्यांचा भाव खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भावानें जमीन हलत नाहीं. जें जागेचें, तेंच कथेचें. पुतळा उंचावर असतो, म्हणून दुरून दिसतो. जळालेला मका व बंद दरवाजा यांस उंची नाहीं, ते शोधावे लागतात. तसेंच पराभूतांची कींव येते म्हणून १७९१ चे मृत शिपाई विसरणें, हेंही सत्य नव्हे. अर्धी गोष्ट आदरानें सांगितली तरी ती अर्धीच राहते.

मृतांस आमच्या आदराचा उपयोग नाहीं. जिवंतांस सत्याचा आहे. त्या संशोधकांनीं स्मारक पाडलें नाहीं; त्यांनीं माती तपासली, आणि जें सांपडलें तें मान्य केलें. वाचकहो, कोणत्याही जुन्या कीर्तीपुढें मस्तक लववितांना एवढें विचारावें: येथें कोण पडला, कोणाचें धान्य जळालें, आणि दरवाजा कोणीं लाविला? हें विचारण्यानें आदर कमी होत नाहीं. तो योग्य जागीं जाऊन उभा राहतो.