हिंग लावून विचारणे

चाळिशी लागली की माणसाला बारीक अक्षर दिसेनासं होतं, आणि नेमकं त्याच वयात डॉक्टरांनी मला बारीक अक्षर वाचायला लावलं. मी कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. लोकांनी बारीक अक्षर न वाचता खाली सही करावी, यावर ज्या धंद्याचा अर्धा संसार चालतो, त्या धंद्यातला मी. नियतीनं हिशेब चुकता केला म्हणायचा.

रोगाचं नाव सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर खवळून उठतं आणि शत्रू समजून स्वतःच्याच लहान आतड्याची लव सपाट करून टाकतं. औषध नाही. पथ्य, आणि तेही जन्मभर.

'भात खा,' डॉक्टर म्हणाले. मला हसू आलं. अहो, चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे धानाचा मुलूख! याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदूळ निवडून काढला. त्याला नाव मिळालं घड्याळाचं, तरी लोक त्या नावावर डोळे मिटून पोतं उचलतात. आपलंही असंच डोळे मिटून निभेल, असं मला वाटलं.

पण पोळीचं एक बरं असतं, ती समोरून येते. बाकी ठिकाणी गहू वेश पालटून येतो. सोया सॉसमध्ये गहू. 'माल्ट' म्हणजे बहुधा जव. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियम आहे. त्या नियमानं मी पाहिलेल्या एका हिंगाच्या डबीवर पहिला डिंक, दुसरं गव्हाचं पीठ आणि तिसऱ्या नंबरावर हिंग! स्वतःच्याच डबीत तिसरा नंबर. साहेबाच्या केबिनमध्ये माझी जी जागा, तीच. 'ग्लुटेनमुक्त' म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडचा कायदा आहे. आमच्या खात्यात एवढी काटेकोर शिल्लक कधी राहिली नाही.

तर, मूलच्या मावशीनं जेवायला बोलावलं. 'गव्हाचा कण नाही घरात, बापू,' ती म्हणाली. एचएमटीचा भात, वरण, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. वरणाचा घमघमाट आला आणि माझा घास हातातच राहिला. हिंग!

आता विचारावं की नाही? 'मावशी, हिंगाची डबी दाखव' हे म्हणायला किती वेळ लागतो? पण जी बाई चार दिवस आधीपासून माझ्यासाठी भांडी वेगळी काढून बसली, तिच्याकडे कागदपत्रं मागायची? गंमत म्हणजे, मूलच्या शाखेत असताना याच घरच्या काकाजींची विड्रॉल स्लिप मी परत केली होती, सही जुळत नव्हती म्हणून. म्हातारपणानं हात कापतो, हे मला ठाऊक होतं. 'काकाजी, अविश्वास नाही, नियम आहे,' असं मी खणखणीत म्हणालो होतो. पण तेव्हा मध्ये काउंटरची काच होती. पाटावर बसलेल्या माणसासमोर काच नसते.

मी जेवलो. दोनदा वरण घेतलं. चंद्रपूरला परत येताना एस.टी.त काय झालं ते सहप्रवाशांच्या आठवणीत असेल. दोन दिवस रजा टाकली आणि मनात म्हटलं, चला, माणुसकी राखली.

ही माणुसकी महिनाभर टिकली. मग आमच्या सौभाग्यवतींच्या तोंडून मावशीला कळलंच. फोन आला. मी म्हटलं, 'तुला वाईट वाटलं असतं ना, म्हणून विचारलं नाही.'

'अन् आता बरं वाटून राहिलं का मले?' मावशी म्हणाली. 'माह्या हातानं तुले दुखणं दिलं, अन् मलेच पत्ता नाही! विचारलं असतंस तं राग आला असता. आला असता अन् गेला असता. हे आता कसं जाईन?'

यावर माझ्याकडे नियम नव्हता. मला शंका होती डबीची. मावशीच्या मायेची नव्हे. पण न विचारून मीच दोन्हींची गाठ मारली. ज्या कागदावर काय लिहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं, त्यावर तिची सही घेतली आणि वर स्वतःला सभ्य म्हणवून घेतलं. काकाजींना मी निदान तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्याचं मन जपणं आणि स्वतःची अडचण टाळणं यांची चव जेवताना अगदी सारखी लागते. फरक नंतर कळतो. 'हिंग लावून कोणी विचारत नाही' असं आपण म्हणतो. मला हिंग लावून विचारायची संधी आली होती, ती मी वरणाबरोबर गिळली.

दिवाळीला मूलहून डबा आला. आत चकल्या आणि वहीचं फाडलेलं पान. 'तांदराचं पीठ, उडदाची डाळ, तीळ, ओवा, तिखट, मीठ. जात्यावर घरी दळलं. हिंग नाही.' बरोब्बर उतरत्या क्रमानं! आणि खाली, हे मात्र कुठल्याच डबीवर छापलेलं नसतं, मावशीची वेडीवाकडी, अख्खी सही.

वीस वर्षं मी सह्या जुळवतो आहे. ही मी न जुळवता पास केली.