डेकवरचा कर्ता

एखादे काम पहिल्यांदा पार पाडणाऱ्याच्या नावावर ते काम कितपत जमा करावे, हा कर्तृत्वाचा जुना प्रश्न आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता त्यांतला एकच. सगळे मीच केले असे मानणाऱ्याला खरे दिसतच नाही, असा गीतेचा निवाडा आहे.

नौदलाचे चाचणी वैमानिक कमोडोर जयदीप मावळणकर यांच्या कारकिर्दीवर ही मांडणी ताडून पाहता येते. तेजस या लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीचे पहिले उड्डाण त्यांनी 27 एप्रिल 2012 रोजी बंगळुरूला केले. 20 डिसेंबर 2014 रोजी गोव्यात आयएनएस हंसा तळावरच्या उंच वळवलेल्या धावपट्टीवरून ते विमान त्यांनी हवेत नेले, आणि 11 जानेवारी 2020 रोजी याच आवृत्तीचे विमान आयएनएस विक्रमादित्यवर उतरवले. देशी बनावटीचे लढाऊ विमान त्याआधी विमानवाहू जहाजावर उतरले नव्हते.

विक्रमादित्यच्या डेकवर आडव्या तीन पोलादी तारा असतात. शेपटीखालचा आकडा त्यांतल्या एकीत अडकला, की ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाचे विमान अडीच सेकंदांत थांबते. गंमत अशी, की चाके टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, पूर्ण वाढवतो. आकडा चुकला तर पुन्हा उडता आले पाहिजे. तार लागली की नाही हे कळायच्या आत हात पुढे गेलेला असतो.

डेक हे अधिष्ठान, आकडा आणि तारा ही करणे, सूचना देणाऱ्या अधिकाऱ्यापासून वैमानिकाच्या मनगटापर्यंत सगळ्यांची धडपड ही चेष्टा, वारा आणि लाटा हे दैव. भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. रान चांगले, बेणे चांगले, खुरपणी-बांधणी वेळेवर. तरी नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले की टनेज घसरते. (कालव्याच्या पाण्याला दैव म्हणावे का, हा वेगळा वाद.)

मग धडपड कशाला? टिळकांनी ‘गीतारहस्या’त फलाशा सोडायला सांगितले, कर्म नव्हे. पण फलाशा सोडणे म्हणजे बेफिकिरी असा सोयीचा अर्थ बरेचदा काढला जातो. टेकताक्षणी दिलेला पूर्ण जोर त्याच्या नेमका उलट आहे : उतरण्याचा प्रयत्न अचूक, आणि न उतरण्याची तयारीही तितकीच. एक अडचण मात्र उरते. श्रेय पाचांत वाटता येते, पण आकडा चुकल्यावर पुढच्या सेकंदाला काय करायचे, हे ठरवायला विमानात कर्ताच असतो.