दप्तरातील सत्य आणि माणसाचा न्याय

आमच्या धर्मग्रामांतून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलामुलींची संख्या आता लक्षात येण्याइतकी वाढली आहे. संगणक, परिचर्या, व्यवस्थापन हे त्यांचे नेहमीचे मार्ग. त्यांतील एखादा मुलगा वा मुलगी 'साम्यवादोत्तर समाजांचे राजकारण' हा विषय पदव्युत्तर अभ्यासासाठी निवडते, तेव्हा घरात थोडी अस्वस्थता पसरते. पोलंडचे आणि झेक देशाचे राजकारण शिकून पोट कसे भरणार, असा प्रश्न आईवडिलांनी विचारला तर त्यात गैर काहीच नाही. पोटाच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु या अभ्यासाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपणां सर्वांचा आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा प्रपंच.

हा विषय तसा जुना. लंडनमध्ये १९१५ साली स्लाव्ह देशांच्या अभ्यासाची शाळा सुरू झाली, तेव्हा तिचे उद्घाटनपर व्याख्यान टोमाश मासारिक यांनी दिले. हेच मासारिक १९१८ साली चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे अर्धा युरोप साम्यवादी राजवटींखाली गेला आणि विद्यापीठांतून 'सोव्हिएत अभ्यास' ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. १९८९ साली पूर्व युरोपातील सत्ता एकामागून एक कोसळल्या, १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघही विसर्जित झाला, आणि या शाखेचा विषयच नाहीसा झाला. ग्लासगोहून १९४९ पासून निघणाऱ्या 'सोव्हिएत स्टडीज' या नियतकालिकाने १९९३ साली आपले नाव बदलून 'युरोप-एशिया स्टडीज' असे केले. नव्या अभ्यासकांनी नवे प्रश्न मांडले. क्लाउस ओफे या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९९१ सालीच दाखवून दिले की या समाजांना तीन कामे एकाच वेळी करावयाची आहेत : लोकशाही उभारणे, बाजारव्यवस्था आणणे आणि राष्ट्राच्या सीमा व ओळख ठरविणे. पश्चिम युरोपाने जे काही शतकांत केले, ते यांना काही वर्षांत करावयाचे होते.

या तीन कामांच्या जोडीला चौथेही एक काम होते. कालपर्यंत ज्यांनी शेजाऱ्याच्या चुगल्या गुप्त पोलिसांना पुरविल्या, त्यांच्या शेजारी उद्यापासून कसे राहावयाचे? पूर्व जर्मनीच्या 'स्टासी' या गुप्त पोलीस खात्यात १९८९ साली सुमारे ९१,००० पगारी नोकर होते. त्याखेरीज सुमारे १,८९,००० छुपे खबरे. हे खबरे म्हणजे कोणी राक्षस नव्हते. ते शिक्षक होते, डॉक्टर होते, गायकवृंदातील सोबती होते, क्वचित धर्मोपदेशकही होते. त्यांनी सांगितलेले, अधिकाऱ्यांनी लिहून घेतलेले कागद एकापुढे एक मांडले तर सुमारे १११ किलोमीटर लांबीची रांग होते.

या कागदांचे काय करावे, याबाबत तीन देशांनी तीन वाटा धरल्या. जर्मनीने १९९१ च्या डिसेंबरात कायदा करून ज्याची फाईल त्याला वाचावयास दिली. चेकोस्लोव्हाकियाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा केला की गुप्त पोलिसांच्या नोंदवहीत ज्याचे नाव खबऱ्या म्हणून आहे, त्याला ठरावीक उच्च सरकारी पदे मिळणार नाहीत. पोलंडमध्ये तादेउश माझोव्येत्स्की यांनी २४ ऑगस्ट १९८९ रोजी संसदेत भूतकाळाखाली 'जाड रेघ' ओढण्याची भाषा केली होती. आमचे सरकार आमच्या कृत्यांपुरतेच उत्तरदायी राहील, असा तिचा मूळ आशय. लोकांनी मात्र तिचा अर्थ 'झाले गेले विसरा' असा लावला. शेवटी पोलंडनेही १९९७ साली कायदा केला, पण तो वेगळ्या धाटणीचा. उच्च पदावरील व्यक्तीने आपण गुप्त पोलिसांशी सहकार्य केले होते की नाही, हे लेखी सांगावयाचे. 'होय, केले होते' असे सांगणाऱ्याला त्या कबुलीसाठी शिक्षा नाही. खोटे सांगणाऱ्याला मात्र दहा वर्षे सार्वजनिक पदाची बंदी.

या तीन वाटांची तुलना करणे हा पदव्युत्तर वर्गातील नेहमीचा स्वाध्याय. कोणत्या वाटेने लोकशाही अधिक स्थिरावली, हे विद्यार्थ्याने तपासावयाचे असते. परंतु त्याआधी त्याला एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. फाईलमध्ये लिहिलेले ते खरे, असे मी धरून चालू काय?

यान कावान हे लंडनमध्ये राहून प्रागमधील बंडखोरांना साहाय्य करणारे गृहस्थ. १९९१ साली संसदीय चौकशी मंडळाने त्यांना गुप्त पोलिसांचे सहकारी ठरविले. ते न्यायालयात गेले, आणि १९९६ साली निर्दोष सुटले. पुढे ते झेक परराष्ट्रमंत्री झाले. पण मधली पाच वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत. झेक कायद्यात प्रारंभी 'संभाव्य सहकारी' असाही एक वर्ग होता. त्या वर्गात आपले नाव लिहिले गेले आहे, याचा त्या माणसाला पत्ताही नसू शकत असे. १९९२ च्या नोव्हेंबरात घटनात्मक न्यायालयाने तो वर्ग रद्द केला. ज्या यंत्रणेला खोटे बोलण्याची सवय होती, तिची नोंदवही एका रात्रीत सत्याचे शास्त्र कशी बनेल? वरिष्ठांना खूश करण्यासाठी तिचा कारकून खबऱ्यांची संख्या फुगवीतही असेल, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

दुसऱ्या टोकाचा मोहही तितकाच मोठा. 'सगळेच त्या व्यवस्थेचे बळी, मग दोष कुणाला द्यावा?' असे म्हणून वही मिटता येते. वाट्स्लाव्ह हावेल यांनी १ जानेवारी १९९० च्या भाषणात देशबांधवांना सांगितले की ती व्यवस्था चालविण्यात आपला सर्वांचाच वाटा होता. मात्र प्रत्येकाचा वाटा सारखा नव्हता, हेही त्यांनी त्याच वाक्यात सांगितले. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. पोलंडचे तरुण धर्मगुरू येजी पोपिएवुश्को यांना १९ ऑक्टोबर १९८४ रोजी गुप्त पोलिसांनी पळवून नेऊन ठार मारले. त्या अधिकाऱ्यांचा वाटा आणि मुलाला महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून एका कागदावर सही करणाऱ्या बापाचा वाटा एकाच तराजूत घातला, तर तो न्याय होत नाही. दोघांनाही 'परिस्थितीचे बळी' म्हणून सोडून देणे हाही न्याय नव्हे.

ख्रिस्तसभेलाही ही परीक्षा चुकली नाही. वॉर्सोचे नवे आर्चबिशप म्हणून स्तानिस्वाव व्येल्गुस यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या जुन्या संबंधांचे कागद बाहेर आले. त्यांनी आधी इन्कार केला, नंतर संबंध होता हे मान्य केले, आणि ७ जानेवारी २००७ रोजी, पदग्रहण समारंभासाठी जमलेल्या भाविकांसमोरच, पदत्यागाची घोषणा केली. आपल्यामुळे कोणाला इजा झाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये काही जण रडत होते, काही जण त्यांनी राहावे म्हणून ओरडत होते. जुन्या संबंधापेक्षाही आधीच्या इन्काराने लोकांच्या विश्वासाला मोठा तडा गेला, असे आमचे मत आहे. पोपिएवुश्को ज्या ख्रिस्तसभेचे होते, त्याच ख्रिस्तसभेत हेही घडले. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासात लिहावयाच्या असतात.

येथे आम्हांस आमच्या सेवेतील एका अनुभवाचा आधार घ्यावासा वाटतो. फाईल आणि प्रायश्चित्त संस्कार यांत वरवर साम्य आहे. दोन्हींत माणसाचे गुपित दुसऱ्याच्या कानी जाते. पण फाईल तिसऱ्याने लिहिलेली असते, ती माणसाच्या माघारी वाढते आणि त्याला कायमचे बांधून ठेवण्यासाठी जपली जाते. प्रायश्चित्तात माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो, त्याची नोंद कोठेच राहत नाही, आणि बोलणे संपते ते सुटकेसाठी. पोलंडचा १९९७ चा कायदा धार्मिक नव्हता. तरीही माणसाने स्वतः सत्य सांगावे यासाठी त्याने जागा ठेवली, हे आम्हांस विशेष वाटते.

अर्थात केवळ अपराध्याच्या सुटकेचा विचार करून भागत नाही. वेरा लेंग्सफेल्ड या पूर्व जर्मनीतील कार्यकर्तीने आपली फाईल उघडली, तेव्हा तिच्यावर पाळत ठेवणारा खबऱ्या तिचाच पती निघाला. पुढे त्याने क्षमा मागितली व तिने ती दिली. ती देणे वा न देणे हा तिचा अधिकार होता. सरकारने, विद्वानांनी किंवा धर्मगुरूंनी तिच्या वतीने ती देऊन टाकणे म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे. आणि फाईल बंद राहिली असती, तर क्षमा कोणाला व कशाबद्दल करावयाची, हेच तिला कळले नसते. म्हणून सत्य आधी आणि क्षमा नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही.

ज्या देशात सत्य सांगणेच अपराध ठरते, तेथे काय होते, तेही आपण पाहिले आहे. स्टालिनच्या बळींची नावे गोळा करणाऱ्या 'मेमोरियल' या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर २०२१ रोजी दिला. दोनच महिन्यांत युक्रेनवर सर्वंकष आक्रमण झाले. या दोन घटनांत सरळ कार्यकारणभाव जोडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण मृतांची मोजदाद नकोशी झालेल्या सत्तेला नव्या मृतांचे भय उरत नाही, एवढे म्हणता येईल.

तेव्हा या विषयाकडे वळणाऱ्या आमच्या मुलामुलींना आम्ही एवढेच सांगू : त्या देशाची भाषा मनापासून शिका, कारण भाषांतरातून फाईल कळेल, तिच्यातला माणूस कळणार नाही. फाईल वाचाल तेव्हा ती कोणी, कोणासाठी लिहिली हे विचारा. ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव आधी लिहा. सही करणाऱ्यावर किती दाब होता ते मोजा, आणि तो मोजल्यावरही सहीला सहीच म्हणा. तुमची स्वतःची परीक्षा अशी झालेली नाही, हे ध्यानी असू द्या; त्यामुळे तुमच्या निष्कर्षांना धार कमी येणार नाही, मात्र तुमच्या भाषेत नम्रता येईल. आणि आईवडिलांना आमची विनंती अशी की, असे न्याय करावयास शिकलेले मूल घरी परत आले, तर त्याचे शिक्षण वाया गेले असे मानू नये. आपल्या गावातही सह्या होतात, कागद लिहिले जातात आणि शेजाऱ्याविषयीचे निवाडे रोज दिले जातात.