रक्ताचा वारसा आणि सोयरीक

मुळशी तालुक्यांतील भुकूम हें गांव पौडच्या रस्त्यावर आहे, आणि पुणें शहर त्याच रस्त्यानें त्याच्या वेशीपर्यंत येऊन ठेपलें आहे. शहराच्या सोयींबरोबर अशा गांवांत नवे प्रश्नही येतात. त्यांतील एकाचा आज विचार करूं. थुंकीचा थोडा नमुना दिला असतां, पुढें मधुमेह किंवा हृदयविकार जडण्याचा संभव किती, हें जनुकें तपासून सांगणाऱ्या कंपन्या आतां निघाल्या आहेत. ख्रिस्ती मनुष्यानें अशी चाचणी करावी काय? आणि सोयरीक जुळवितांना तिचा निकाल मागावा काय?

ही चाचणी काय सांगते तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. प्रौढपणीं होणारा जो मधुमेह आपल्याकडे घरोघर दिसतो, तो एका जनुकाच्या दोषानें होत नाहीं. शेंकडों जनुकांचा थोडथोडा भार, आणि त्यावर आहार, श्रम व वजन यांचा परिणाम, असें मिळून तो होतो. हैदराबादची सी.सी.एम.बी. संस्था व पुण्याचें के.ई.एम. रुग्णालय येथील संशोधकांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, टी.सी.एफ.७एल२ या जनुकाचे कांहीं भेद आपल्या लोकांतही मधुमेहाशीं निगडित आहेत. तथापि असा भेद असूनही पुष्कळ लोक निरोगी राहतात, व तो नसूनही पुष्कळांस रोग जडतो. शिवाय अशा चाचण्यांचे बरेचसे ठोकताळे युरोपीय लोकांच्या नमुन्यांवरून बांधलेले असल्यानें ते आपणांस तितके बरोबर लागू पडत नाहींत.

म्हणून हा निकाल म्हणजे ललाटलेख नव्हे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनीं आहार सुधारला व नित्य चालण्याचा नेम धरला, तेव्हां रोग जडण्याचें प्रमाण सुमारें २८ टक्क्यांनीं घटलें. इतकें करण्यास जनुकांची परीक्षा लागत नाहीं. उपाशीपोटीं रक्तांतील साखर मोजून घेणें पुरें होतें. तरीही कोणी आपखुषीनें चाचणी केली, तर त्यांत पाप नाहीं. हिज्कीया राजास मरणाची वार्ता कळली तेव्हां तो प्रार्थनेकडे वळला. ज्या ज्ञानानें मनुष्य सावध होतो तें त्याच्या हिताचेंच आहे.

सोयरिकीची गोष्ट मात्र निराळी आहे. कोणी म्हणेल, थॅलॅसेमियाची तपासणी विवाहापूर्वीं करावी असें डॉक्टरच सांगतात, मग हीच कां नको? त्याचें उत्तर असें. थॅलॅसेमियांत आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलास तो भारी रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. तेथें तपासणी दोघांचीही होते, आणि दोष एकट्यावर येत नाहीं. मधुमेहाचें तसें नाहीं. भारतांत दहा कोटींहून अधिक लोकांस तो आहे, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा थोडाफार वारसा नाहीं असें घर कोठें सांपडेल? मग एकाच मुलीचा कागद मागून तिला नाकारणें हा कोणता न्याय? आणि तो कागद केवळ तिचा नसतो. सख्ख्या भावंडांचीं निम्मीं जनुकें सारखीं असतात. तिचें गुपित उघडलें कीं ज्या भावास कोणी विचारलेंच नाहीं त्याचेंही उघडतें.

अमेरिकेंत २००८ सालच्या कायद्यानें ठरलें कीं, मालकानें नोकरी देतांना व आरोग्यविमा कंपनीनें विमा देतांना अशी माहिती मनुष्याविरुद्ध वापरूं नये. मालक व नोकर यांच्यांत जो न्याय पाळावा लागतो, तो बंधुभगिनींच्या मंडळींत पाळला जाऊं नये काय?

जन्मांधाविषयीं शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोघांवरही दोष ठेविला नाहीं. त्यानें त्या मनुष्यास दृष्टि दिली. आमच्या पाळकांनीं व वडील मंडळीनें हाच कित्ता गिरवावा. विवाहाच्या बोलणींत असा कागद कोणी मागितला, तर तो मागूं नये असें त्यांनीं स्पष्ट सांगावें. ज्याच्या हातीं तो आला असेल, त्यानें त्यावरून आपलें ताट व आपली चाल सुधारावी. दुसऱ्याच्या लेकीचें मोल ठरवूं नये.