जे आजारी पडले नाहीत

गावात साथ आली की सगळ्यांचे पाय आजाऱ्याच्या दारी वळतात. ते योग्यच आहे. सलाइन त्यालाच लावायचे असते. पण साथ कुठून आली हे शोधायला निघालेल्याने शेजारच्या, सगळे ठणठणीत असलेल्या घरातही जायला हवे. साथीच्या तपासाचे मर्म मला याच एका गोष्टीत दिसते.

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात भंडारा झाला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि उन्हाळा म्हणून बर्फ घातलेला मठ्ठा. २०० माणसे जेवली. रात्रीपासून जुलाब सुरू झाले. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आधी ‘रुग्ण’ कोणाला म्हणायचे ते ठरवतात: २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब झालेला माणूस. मग यादी होते. नाव, वय, गल्ली, त्रास कधी सुरू झाला, पंगतीत काय काय घेतले. रुग्ण निघाले ६०. त्यांतल्या ५७ जणांनी बट्टी खाल्ली होती, ५६ जणांनी मठ्ठा घेतला होता. गाव एव्हाना निकाल देऊन मोकळे झालेले असते: बट्टीवरचे तूप भेसळीचे होते, आचाऱ्याला धरा.

आता उरलेल्या १४० जणांना तेच प्रश्न विचारा. बट्टी तर जवळजवळ सगळ्यांनीच, १९० जणांनी, खाल्ली होती. त्यांतले ५७ आजारी, म्हणजे ३० टक्के. बट्टीला हात न लावलेल्या १० जणांत ३ आजारी, तेही ३० टक्केच. मठ्ठा मात्र ८० जणांनीच घेतला होता आणि त्यांतले ५६, म्हणजे ७० टक्के, आजारी पडले. न घेणाऱ्या १२० जणांत आजारी फक्त ४. (हे चौघेही सोडून द्यायचे नाहीत. कोणी घोटभर घेतलेले विसरला असेल, कोणाला घरातल्या रुग्णाकडून लागण झाली असेल.) नुसत्या रुग्णांच्या यादीत बट्टी आणि मठ्ठा यांत एकाच माणसाचा फरक होता. निरोगी माणसे बोलली आणि आचारी सुटला. आता बर्फ कुठून आला ते विचारायचे आणि पाण्याचा नमुना तपासणीला पाठवायचा.

लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा माग ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत नेला, तेव्हाही न मेलेल्यांनी मोठी साक्ष दिली. पंपाजवळच्या गरिबांच्या कामगृहात (वर्कहाउस) ५३५ माणसे राहत होती आणि त्यांतली ५ दगावली. तिथे स्वतःची विहीर होती.

निरोगी माणसांकडे कसे पाहायचे, हा प्रश्न खानदेशाने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहरातून लाखो लोक बाहेर पडले. सुरतेच्या कापड गिरण्यांत खानदेशी माणूस मोठ्या संख्येने. सुरत-भुसावळ गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला येते, त्यामुळे परतीची वाट ठरलेली होती. उतरणारा प्रत्येक जण संशयित नव्हता, पण धडधाकट दिसणारा प्रत्येक जण निर्धोकही नव्हता. फुप्फुसाचा प्लेग लागणीनंतर काही दिवसांतच दिसतो, म्हणून रुग्णाच्या सहवासात आलेल्यावर आठवडाभर लक्ष ठेवावे लागते. अशा वेळी यादी तब्येत चांगली असलेल्यांचीच करायची असते, आणि ते काम रुग्ण मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातला कोरोनाचा मृत्युदर १० टक्क्यांच्या वर गेला; देशाचा तेव्हा ३ टक्क्यांच्या आसपास होता. त्यामागे उपचारातल्या खऱ्या उणिवा होत्या, आणि त्या झाकता कामा नयेत. पण या अपूर्णांकाला छेदही असतो. चाचणी उशिरा आणि अत्यवस्थ माणसाचीच झाली, तर घरात बसलेले सौम्य बाधित छेदात येतच नाहीत आणि दर फुगतो. चाचण्या वाढल्या तसा तो उतरला. घरातले ते बाधित मोजले गेले नाहीत एवढेच नव्हे, तर तोवर ते इतरांना लागणही देत होते. म्हणून छेद शोधणे हे मला हिशेबाचे काम वाटत नाही. तो साथ रोखण्याचाच भाग आहे.

ही नजर पुस्तकातून येत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून डॉक्टरांना प्रत्यक्ष उद्रेकावर पाठवून ती शिकवतात. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एका साथीत घरोघर फिरून, निरोगी माणसांसकट, अशी यादी करावी असे मला मनापासून वाटते. निदान करणारे डॉक्टर आपल्याकडे आहेत. गल्ली मोजणारे कमी पडतात.

आणि तुमच्या गल्लीत साथ असताना आशाताई किंवा आरोग्यसेवक वही घेऊन दारात आले, तर ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही, पुढच्या घरी जा’ असे म्हणू नका. त्यांना बसवा, आणि तुम्ही काय खाल्ले, कुठले पाणी प्यायलात ते नीट आठवून सांगा.