उन्हाळी

पवनानगरच्या बाजारात खोकला लपत नाही. लघवीची जळजळ लपते.

भात लावणीच्या दिवसांत पवन मावळातली बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणते, रात्री भिजत घातलेल्या धन्यांचं पाणी पिते आणि पुन्हा खाचरात उतरते. खरी उन्हाळी चार दिवसांत सरते. न सरणारी ती अंगावर काढते. 'अंगावर काढणं' हे शब्द ज्या भाषेला घडवावे लागले, तिच्या बायकांनी किती सोसलं असेल!

न सरणाऱ्या उन्हाळीमागे कधीकधी क्षय असतो. क्षय म्हटलं की आपला हात छातीवर जातो. जंतू मात्र रक्तातून मूत्रपिंडात उतरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. खोकला नाही, ताप बहुधा नाही. लघवीत पू दिसतो, पण नेहमीच्या तपासणीत जंतू उगवत नाही. गोळ्या बदलतात, महिने जातात, मूत्रपिंड आतून झिजत राहतं. सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी क्षयासाठी तपासा, एवढं एक वाक्य कुणी वेळेवर बोललं तर मूत्रपिंड वाचतं.

रॉबर्ट कॉखने हा जंतू 24 मार्च 1882 रोजी जगापुढे ठेवला. हाच जंतू गर्भनलिकेत शिरला, तर दोष आजही सुनेलाच लागतो. नलिका बुजतात, कूस उजवत नाही, घरात नवस बोलले जातात. 'वांझ' या शब्दाखाली कित्येकदा न झालेलं निदान पुरलेलं असतं. पुरुषाच्या वृषणाशी गाठ आली तर तो बायकोलाही सांगत नाही.

1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत मिरज-पाचगणीची हवा हाच मोठा आधार होता. आज गोळ्या आहेत. साधारण सहा महिन्यांच्या, सरकारी दवाखान्यात फुकट. रिफाम्पिसीनने लघवी केशरी होते. हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर रक्त पडतंय म्हणून माणूस घाबरतो आणि गोळ्या सोडतो. औषध जंतू मारतं. बुजलेली नळी उघडत नाही.

क्षयाच्या पाहणीला आलेली गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, दारात वही उघडून खोकल्याचं, तापाचं विचारते. बाई "नाही" म्हणते. वही मिटते. मग अंगणाच्या कडेपर्यंत सोबत जाऊन, सासू ऐकत नाही ना हे बघून, बाई आवाज खाली आणते, "ताई, पावसाळ्यापासून उन्हाळी लागलीय. जातच नाही."