पाणकर कोण होणार?

नवेगावबांधच्या पाळीवर उभं राहून विचारलं, की हे एवढं पाणी कोणी अडवलं, तर कोलू पाटील कोहळींचं नाव आजही सांगितलं जातं. बांधणाऱ्याचं नाव असं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण त्या पाळीत मुळं धरू पाहणारी रोपटी दर वर्षी कोण उपटायचं, पाटातला गाळ कोण काढायचं, हे कोणालाच ठाऊक नाही. माणसांच्या भल्यासाठी म्हणून कॉलेजांत ज्या हॅकेथॉन भरतात, त्यांच्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या पाळीवरूनच सुरू होतं.

हॅकेथॉन हा शब्द आणि गोंदिया जिल्हा एकाच वर्षाचे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला आणि पुढच्याच महिन्यात कॅनडातल्या कॅल्गरीत ओपनबीएसडी या संगणकप्रणालीचे दहा प्रोग्रामर एकत्र बसले. त्यांच्या त्या बैठकीला हे नाव मिळालं. आपल्याकडे २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली आणि सलग ३६ तासांची अंतिम फेरी जिल्ह्याच्या ठिकाणच्या पोरापोरींनाही ओळखीची झाली. रात्र जागून, चहावर चहा पिऊन केलेलं ते काम मला मनापासून मोलाचं वाटतं. आपण शिकतो ते आपल्याच गावाच्या उपयोगी पडू शकतं, हे विसाव्या वर्षी कळणं लहान गोष्ट नाही.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं आणि खाली गोंदिया, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावं पाण्यात गेली. पाणी येतंय हे आधी कळलं असतं तर निदान गुरं सोडता आली असती, धानाची पोती उचलता आली असती. समजा, गोंदियातल्या चौघांच्या एका संघाने हा प्रश्न हाती घेतला. पुलाखाली एक सेन्सर टांगायचा. तो आवाजाच्या लहरी पाण्यावर सोडेल, त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याची उंची काढेल, आणि पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की काठच्या गावांतल्या मोबाईलवर संदेश जाईल. ३६ तासांत हे खरोखर जमतं. बादलीत पाणी ओतून दाखवता येतं. परीक्षक टाळ्या वाजवतात, त्यात चूक काही नाही.

आता तो सेन्सर खऱ्या पुलाखाली टांगा आणि एक पावसाळा जाऊ द्या. त्याच्या तोंडाशी कोळी जाळं विणतो. लहर जाळ्यालाच आपटून परत येते आणि नदी कोरडी असताना पूर आल्याचा संदेश जातो. असा संदेश दोनदा खोटा ठरला, की तिसऱ्यांदा कोणी उठत नाही. सौर पट्टीवर धूळ बसते. आतल्या सिमकार्डाचा रिचार्ज आषाढात संपतो, रोवणीच्या ऐन दिवसांत, आणि ज्यांनी तो भरायचा ती पोरं तोवर पुण्याला नोकरीला लागलेली असतात. यादीत ज्या पोलीस पाटलाचा नंबर आहे तो बदललेला असतो. यातली एकही अडचण कोडिंगची नाही. जाळं काढायला फडकं लागतं, आणि ते फडकं घेऊन दर आठ दिवसांनी पुलावर जाणारा माणूस लागतो.

हा माणूस आपल्याकडे होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून जवळपास सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण सरळ मामा तलाव म्हणतो. तलावाचं पाणी कोणत्या बांधीला कधी द्यायचं, तुडूम कधी उघडायचं नि कधी बुजायचं, हे पाणकर बघायचा. त्याचा मोबदला गाव धानाच्या रूपात द्यायचं. म्हणजे पीक आलं तर त्याचंही पोट भरणार. तलावाशी त्याचा संबंध पगारापुरता नव्हता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झालं. पण तिच्यासोबत तलाव राखायची गावाची रीतही ढिली पडली, आणि तिच्या जागी दुसरी कोणी नीट बसवली नाही. तलाव काही एका रात्रीत फुटले नाहीत. गाळ साचत गेला, काठाने बेशरम माजली, आणि एका पिढीने पाहिलेलं पाणी पुढच्या पिढीला दिसेनासं झालं. पुलाखालच्या सेन्सरचंही तेच होतं, फक्त चाळीस वर्षांऐवजी चार महिन्यांत.

टिकलेलं कामही जगात आहे. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या स्वयंसेवकांनी घाईघाईत ‘सहाना’ नावाची संगणकप्रणाली लिहिली: हरवलेली माणसं, छावण्या, मदतीचं सामान यांची नोंद ठेवणारी. घाई तिथेही हॅकेथॉनसारखीच होती. पण लाट ओसरल्यावर ती सोडून दिली गेली नाही. पुढच्या वर्षी पाकिस्तानातल्या भूकंपात तीच कामाला आली, कारण मधल्या काळात कोणी तरी तिच्या चुका दुरुस्त करत बसलं होतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. गोंदियात दर वर्षी जूनच्या सुमारास सारसांची गणना होते. पहाटे, एकाच वेळी, ठिकठिकाणी पथकं बसतात, वैनगंगेपलीकडे बालाघाटातही. ज्यांच्या बांधीत सारस घरटं करतो ते शेतकरी यात सोबत असतात, आणि घरट्यावर लक्ष ठेवायचं कामही त्यांच्याकडेच असतं. गणनेचं तंत्र साधं आहे: डोळे, वही, घड्याळ. त्या वहीला किंमत आहे ती मागच्या वर्षीही गणना झाली होती म्हणून, आणि पुढच्या वर्षीही होणार म्हणून.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. बक्षिसाची अर्धी रक्कम त्या दिवशी द्या आणि अर्धी पुढच्या पोळ्याला. ती घ्यायला संघातल्या एकाने यावं आणि काठच्या गावातल्या एकाने यावं, आपली वही घेऊन. कोणत्या तारखेला जाळं काढलं, रिचार्ज कोणी भरला, पोलीस पाटलाचा नवा नंबर कधी टाकला, एवढंच त्या वहीत असलं तरी चालेल. परीक्षकांनी ती तिथेच, पुलावर उभं राहून वाचावी.